‘बिबडे’ वाचता आले पाहिजेत

मार्च संपत आला होता. गच्चीवर खाटा टाकून त्यांवर जुनी धोतरं पसरली होती आणि धोतरांवर ओळीने बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत होते. आक्का माझा फोन हातभर लांब धरून, डोळे बारीक करून बघत होत्या. रात्री जागून केलेलं बिबड्यांच्या जाहिरातीचं चित्र मी त्यांना दाखवायला आणलं होतं. त्यांनी फोन इकडे वळवला, तिकडे वळवला, पदराची सावली केली आणि म्हणाल्या, “हाई काय लिखेल शे व माय? माले तं वाचता येत नई.”

मला ते फार लागलं. त्या चित्रात मी काहीच कमी ठेवलं नव्हतं. पिवळी अक्षरं, त्यांना जाड काळी किनार, खाली लाल सावली, भोवती चमक, वर थ्रीडी उठाव. रात्री दिवा मालवलेल्या खोलीत ते नुसतं लखलखत होतं. सकाळी अकराच्या अमळनेरच्या उन्हात त्यातलं एक अक्षर लागत नव्हतं.

आमचा अकरा जणींचा बचत गट. नागलीचे पापड, शेवया, मसाला असं बरंच करतो, पण आमचा खरा माल बिबडे. खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगते: ज्वारी भिजत घालायची, तिला जरा आंबूस वास आला की उपसून दळायची, मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळून त्यात मीठ, जिरं, लसूण, मिरची, तीळ आणि ते पीठ घालून घाटा शिजवायचा. घाटा गरम असतानाच ओल्या फडक्यावर हाताने गोल पसरायचा. बोटं भाजतात, पण गार झाला की तो पसरत नाही. वाळले की वर्षभर तळा किंवा भाजा. अर्धवट वाळलेला ओला बिबडा कच्च्या तेलाबरोबर आणि शेंगदाण्यांबरोबर खाण्यासाठी आमच्या गच्चीवर पोरं दुपारभर घिरट्या घालतात.

आजवर माल गावातच आणि आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, सखाराम महाराजांच्या यात्रेत खपायचा. यंदा ज्वारी दुप्पट भिजवली, कारण नाशिक-पुण्याला गेलेली आपली माणसं आहेत, त्यांच्यापर्यंत व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्रामवरून पोचायचं ठरलं. गटाचा हिशेब मी लिहिते, मराठी टायपिंग मला येतं, म्हणून चित्राचं काम माझ्याकडे आलं.

त्याच दुपारी नाशिकहून नणंदबाईंचा फोन आला. “वैनी, हे ‘विवडे’ काय आहे?”

मी चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा चूक डोळ्यांना दिसली. ब आणि व यांच्यात फरक तो केवढा? पोटातली एक तिरकी रेघ. अक्षराला किनार दिली की ती कडेच्या दोन्ही बाजूंना पसरते, अर्धी बाहेर आणि अर्धी आत. वीस पिक्सेलची किनार दिली तर दहा पिक्सेल अक्षराच्या पोटात शिरतात. ब च्या पोटात आधीच जागा थोडी, त्यात ती रेघ. माझ्या काळ्या किनारीने ते सगळं बुजवून टाकलं होतं. उरले दोन गोळे आणि वर शिरोरेघ. ज्याला शब्द आधीच माहीत आहे तो ‘बिबडे’ वाचेल. ज्याला आपण माल विकणार तो कसा वाचणार?

आणखी मोठं केलं तर दुसरी गोष्ट दिसली. शिरोरेघेवर जिथे एक अक्षर संपून दुसरं सुरू होतं तिथे बारीक उभी काळी रेघ. जणू ब, ब आणि ड वेगवेगळे कापून शेजारी चिकटवले आहेत. याचं कारण कळायला मला दोन दिवस लागले. फाँटमध्ये प्रत्येक अक्षराचा आकार स्वतंत्र असतो, आणि शिरोरेघ अखंड दिसावी म्हणून शेजारच्या अक्षरांच्या रेघा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. साध्या काळ्या छपाईत हा चढ दिसत नाही. पण किनार दिली की प्रत्येक अक्षराला त्याची त्याची किनार मिळते आणि सांधा उघडा पडतो. अक्षर पोकळ करून फक्त बाह्यरेषा ठेवली तर विचारूच नका, शब्दाच्या आत जाळीच दिसते.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही सगळी तयार चमक-दमक सुट्या सुट्या इंग्रजी अक्षरांच्या मापाने केलेली आहे. तिथे अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शब्द रुबाबदार दिसतो. आपल्याकडे वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि ‘बि ब डे’ होतं. दोन ओळी जवळ आणल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मराठी शब्द एका दोरीला टांगलेला असतो. त्या दोरीला धक्का न लावता सजावट करायची, हे मी त्या दिवशी ठरवलं आणि मग पुढचे बारा दिवस त्यातच गेले.

पुतण्या कॉलेजात आहे, त्याचा लॅपटॉप संध्याकाळी मोकळा असायचा. त्याने त्यावर इंकस्केप आणि गिम्प ही चित्रं करायची दोन सॉफ्टवेअर टाकून दिली. दोन्ही फुकट मिळतात. “काकू, अक्षरांचं काम इंकस्केपमध्ये कर आणि फोटोचं गिम्पमध्ये,” एवढं सांगून तो क्रिकेटला गेला. बाकीचं मी करत करत शिकले.

सुरुवात फाँटपासून. मी टायपिंग शिकले ती जुन्या फाँटांवर. तिथे पडद्यावर मराठी दिसायचं, पण फाइल दुसऱ्या संगणकावर नेली आणि तो फाँट तिथे नसला की सगळी गिचमीड. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराचा क्रमांक सगळ्या संगणकांवर एकच असतो, म्हणून तो त्रास नाही. अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी केलेला मंगल फाँट विंडोजबरोबर आला आणि आमच्यासारख्यांची मराठी संगणकावर सरळ चालायला लागली. पण मंगल वाचायचा फाँट. मथळ्याला अंगापिंडाने भरलेलं अक्षर लागतं. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचे बलू, मुक्ता, मोदक हे फाँट गूगल फाँट्सवर मोफत आहेत आणि त्यांचा परवाना धंद्याच्या कामाला वापरू देतो, हे वाचून फार बरं वाटलं. चोरीचा फाँट वापरून गटाचं नाव लावायचं मला नको होतं.

मोदक पाहून मी हरखले. नावासारखाच गुबगुबीत, पोटातली जागा केसाएवढी. पण ब चा अनुभव ताजा होता. फोनवर अंगठ्याएवढ्या आकारात तो ब वाचला जाईना. एकाच मोठ्या शब्दाच्या भिंतभर चित्राला तो शोभेल, आमच्या कामाला नव्हता. मग बलू घेतला, जाड वजनाचा. गोलाई आहे, म्हणजे हाताने थापलेल्या गोष्टीशी जुळते, आणि ब च्या पोटातली रेघ मोकळी राहते. खालच्या बारीक मजकुराला मुक्ता. एक गोष्ट इथे सांगून ठेवते: काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मजकुराची भाषा मराठी अशी नेमून दिली की ज्या फाँटांत सोय आहे तिथे ते आपल्या पाकळीच्या ल वर येतात. आमच्या चित्रात ‘लसूण’ होता, आणि तो आपल्या ल चा हवा होता. एवढ्याशा गोष्टीने चित्र आपल्या घरचं वाटतं.

आता सांध्यांचं. इंकस्केपमध्ये शब्द टाइप केला, त्याची आधी एक प्रत करून ती वेगळ्या लेअरमध्ये, म्हणजे चित्राच्या वेगळ्या थरात, लपवून ठेवली, आणि मूळ शब्दाला ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केलं. म्हणजे तो मजकूर राहत नाही, आकार होतो. मग ग्रुप सोडवायचा, सगळे तुकडे निवडायचे आणि ‘युनियन’ द्यायचं. डोळ्यांसमोर ती उभ्या रेघांची सगळी भानगड नाहीशी झाली आणि बिबडे हा एक सलग आकार झाला, एका शिरोरेघेचा. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन आले, इतका आनंद झाला. पण युनियन झालेला शब्द पुन्हा टाइप करून सुधारता येत नाही. लपवून ठेवलेल्या प्रतीला म्हणूनच मोल आहे.

किनारीचं उत्तरही या सलग आकारातूनच मिळालं. अक्षरावर किनार द्यायचीच नाही. त्याच आकाराची दुसरी प्रत अक्षराच्या खाली ठेवायची आणि किनार त्या खालच्या प्रतीला द्यायची. मी १०८० पिक्सेल रुंदीच्या चित्रात खालच्या प्रतीला २८ पिक्सेलची किनार दिली. आतली १४ वरच्या अक्षराखाली झाकली जातात, बाहेरची १४ दिसतात. पोटातल्या मोकळ्या जागेत मात्र खालची किनार डोकावते, पण ती वेगळ्या, फिक्या रंगाची असल्यामुळे ब ची तिरकी रेघ उलट उठून दिसते. सुरुवातीला मात्रेच्या आणि वेलांटीच्या टोकांना किनारीचे काटे फुटले होते, बाभळीसारखे. रेघांचा जोड टोकदार असतो तो ‘राउंड जॉइन’ करून गोल केला की काटे जातात.

त्याखाली सावली. आधी मी ती धूसर, पसरलेली ठेवत होते, तीच सवय लागली होती. धूसर सावली गुळगुळीत पार्श्वभूमीवर चांगली. आमच्या फोटोत तीळ, भेगा, धोतराचे विणकाम, सगळं बारीक होतं, त्यात ती मळासारखी दिसायची. म्हणून ठोस सावली केली. किनारीसकट शब्दाच्या बारा प्रती, प्रत्येक प्रत आधीपेक्षा एक पिक्सेल उजवीकडे आणि एक खाली. सगळ्यांना युनियन देऊन गडद तपकिरी रंग. अक्षराला जाडी आली, जणू लाकडातून कापलंय.

आणि चमक, लाल सावली, थ्रीडी उठाव हे सगळं काढून टाकलं. प्रत्येक थर दाबून बंद करून पाहत होते. बंद केल्यावर शब्द वाचायला अवघड झाला तर तो थर ठेवायचा, काही फरक पडला नाही तर काढायचा. अशी नऊ थरांची पाच झाली. मी या बाबतीत आता हट्टी आहे. चित्रात घातलेली प्रत्येक गोष्ट वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडून काहीतरी घेते, तिने काहीतरी दिलंही पाहिजे.

फोटो मात्र दोनदा काढावा लागला. पहिला दुपारी बाराचा. ऊन डोक्यावर, बिबडे सपाट पांढरे, आणि त्यावर माझी पिवळी अक्षरं. नंतर वाचनात आलं की वेबवरच्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे निकष आहेत. त्यांत साध्या अक्षरांना पार्श्वभूमीशी किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ इतका उजेडाचा फरक हवा असं धरलंय. शुद्ध पिवळा आणि पांढरा यांच्यात तो १.०७ : १ भरतो. म्हणजे जवळजवळ नाहीच. आक्कांनी ते आकड्याशिवाय सांगितलं होतं.

मग संध्याकाळी पाचनंतर काढला. तिरप्या उन्हात एकेका तिळाला स्वतःची सावली पडते. बिबड्याची कड जराशी वर वळलेली असते, तिच्याखाली अंधाराची रेघ उमटते. बोटांचे ठसे दिसतात, मधून बाहेर फिरत गेलेले, चार बोटांचे. तो फोटो पाहून आमच्यातल्या एकीने “हा माझ्या हातचा” म्हणून बिबडा ओळखला. एवढा चांगला फोटो असल्यावर अक्षरांनी त्याच्यावर दादागिरी का करायची? गच्चीचा कठडा फोटोत वरच्या तिसऱ्या भागात आडवा जात होता. शिरोरेघ मी त्याला समांतर, जरा खाली बसवली. ती तिथलीच वाटायला लागली.

नंतर आला सगळ्यांत मोहाचा प्रकार. शब्दाचा काही भाग वस्तूच्या मागे लपवायचा, म्हणजे चित्राला खोली येते. गिम्पमध्ये एक बिबडा कडेकडेने कापून वेगळ्या लेअरमध्ये सर्वांत वर आणला आणि शब्दावर ठेवला. फार सुंदर दिसलं. मी तो डाव्या बाजूला, वरून आत डोकावणारा ठेवला होता. पुतण्याने परत आल्यावर वाचलं, “बबडे.”

पहिली वेलांटीच झाकली गेली होती. बिबड्यांच्या जागी कुणाच्या लाडक्या लेकीला हाक मारल्यासारखं झालं. मग मी कागदावर आमच्या मालाचे आणि इथले शब्द लिहून वरचा भाग बोटाने झाकून पाहत बसले. ‘केळी’ची मात्रा झाका, ‘कळी’ होते. ‘भरीत’ची वेलांटी झाका, ‘भरात’ होतं. केळीच्या आणि भरिताच्या मुलखात हे शब्द किती चित्रांवर येत असतील! आपल्या लिपीत शिरोरेघेच्या वर आणि अक्षराच्या खाली जे लहानसं असतं तेच अर्थ फिरवतं. झाकायचं असेल तर अक्षराच्या खालच्या टोकाचा, तोही उकार नसलेल्या अक्षराचा, थोडासा भाग झाकावा. मी बिबडा दुसऱ्या ब च्या दांड्याच्या तळाशी आणला, जेमतेम पाचवा भाग झाकेल इतका. ब ओळखू येतो आणि बिबडा शब्दाच्या पुढे, आपल्याकडे आल्यासारखा वाटतो. त्याच्याखाली अक्षरावर पडणारी सावली मात्र धूसर ठेवली, कारण ती खऱ्या वस्तूची सावली होती आणि फोटोतल्या बाकीच्या सावल्यांच्याच दिशेने पडायला हवी होती. मी आधी ती उलट बाजूला टाकली होती आणि का खटकतंय ते बराच वेळ कळेना.

रंग मिरचीचा लाल घेतला, भोवती साईच्या रंगाची किनार. ही किनार नसती तर लाल फसला असता. जेपीजी करताना उजेडाची माहिती नीट ठेवतात आणि रंगाची बहुतेक वेळा कमी बारकाईने साठवतात, म्हणून लाल अक्षराची कड गडद पार्श्वभूमीवर विरघळल्यासारखी, किड्यांनी कुरतडल्यासारखी दिसते. मध्ये फिका पट्टा आला की कड उजेडाच्या फरकावर उभी राहते आणि टिकते. व्हॉट्सअ‍ॅप चित्र पुन्हा दाबून लहान करतं, तेव्हा तर हे फारच जाणवतं. माझी मूळ पीएनजी फाइल मी गटातल्या सगळ्यांना डॉक्युमेंट म्हणून पाठवली, म्हणजे पुढे पाठवणारीजवळ तरी धड प्रत राहील. इन्स्टाग्रामसाठी १०८० बाय १३५० ची उभी आणि स्टेटससाठी १०८० बाय १९२० ची वेगळी केली. तेच चित्र ताणून चालत नाही, स्टेटसमध्ये वर नाव आणि खाली उत्तराची जागा येते, तिथला मजकूर झाकला जातो.

शेवटची परीक्षा गच्चीवरच घेतली, सकाळी अकरालाच. लॅपटॉपवर कितीही छान दिसो, आमची गिऱ्हाईक बाई बसस्टँडवर उभी राहून, तडा गेलेल्या काचेच्या फोनवर, उजेड निम्मा करून बघणार आहे. मी माझ्या फोनचा उजेड कमी केला आणि आक्कांच्या हातात दिला. त्यांचे हात घाट्याचे होते, म्हणून त्यांनी फोन मनगटांत धरला.

“बिबडे,” त्या म्हणाल्या. मग खालची बारीक ओळ, अडखळत, पण पूर्ण: “ज्वारी, लसूण, तीळ. घरना.” ‘घरना’ (घरचे) हा शब्द मी मुद्दाम अहिराणीत ठेवला होता. तो वाचताना त्या हसल्या.

चित्र त्याच दुपारी गेलं. संध्याकाळपर्यंत नणंदबाईंनी त्यांच्या कॉलनीतल्या चार जणींची मागणी कळवली. रात्री जेवणं झाल्यावर आक्का पुन्हा आल्या. येत्या रविवारी गावातल्यांसाठी ओले बिबडे ठेवू या, तेल-शेंगदाण्यांसकट, तेही चित्रात यायला पाहिजे, म्हणाल्या. मी लॅपटॉप उघडला, लपवलेला लेअर दिसता केला आणि ‘बिबडे’च्या आधी कर्सर नेऊन ‘ओले’ टाइप केलं.